दात आंबले कुणामुळे?

दाताच्या दुखण्यासाठी शब्द वापरताना आपल्या भाषेने काटकसर केलेली नाही. दात किडतो, हलतो, ठणकतो, शिवशिवतो आणि कैरी खाल्ली की आंबतो. प्रत्येक शब्दाचे दुखणे निराळे. किडलेला दात रात्रीची झोप उडवतो. शिवशिवणारा दात मात्र दिवसभर गप्प असतो. थंड पाण्याचा घोट, लिंबाची फोड किंवा गार वाऱ्याची झुळूक लागली की तो विजेसारखी कळ मस्तकापर्यंत पाठवतो आणि पुन्हा गप्प बसतो. कळ आली तशी गेली, मागे काही उरले नाही, म्हणून तिच्याविषयी कुणाला सांगावे असेही वाटत नाही. मीही कुणाला सांगितले नाही. त्या न सांगण्यातून जे घडले ते वाचकांपुढे मांडावे, यासाठी हा लेखप्रपंच.

दोन वर्षांपूर्वीच्या आगमनकाळातली गोष्ट. वसईच्या बागायती पट्ट्यात डिसेंबरातल्या पहाटे चांगलाच गारवा असतो. सकाळी सहाच्या मिस्साला येणारी मंडळी शाली गुंडाळून बसलेली असतात. आमच्या चर्चमध्ये द्राक्षारसाची उघडलेली बाटली खराब होऊ नये म्हणून फ्रिजमध्ये ठेवण्याची पद्धत होती आणि मिस्सा सुरू होण्याच्या पाच मिनिटे आधी ती बाहेर निघे. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी चषक ओठांना लावला की तो थंडगार, किंचित आंबट घोट डाव्या बाजूच्या दातांवरून जाई आणि अशी कळ उठे की नकळत डोळे मिटत. डोळे उघडेपर्यंत त्यांत पाणी उभे राहिलेले असे. हे रोजचेच झाले. घोट उजव्या गालातून घेण्याची युक्ती मी करून पाहिली. चषक काही चमचा नव्हे, युक्ती फसली.

नाताळ झाला, नवे वर्ष लागले. एके दिवशी मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर एक आजी माझी वाट पाहत थांबल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, रोज पहाटे दुसऱ्या बाकावर बसणाऱ्या आणि नाताळात मला आठवणीने सुकेळीचा पुडा आणून देणाऱ्या.

"फादर, एक विचारू का? रागावणार नाही ना?"

"विचारा ना आजी."

"चषक घेताना तुमच्या डोळ्यांत पाणी येते. मी रोज पाहते. इतके फादर आले आणि गेले, पण प्रभूचे रक्त घेताना रडणारा फादर मी पहिल्यांदाच पाहिला."

वाचकहो, त्या क्षणी मी सत्य सांगायला हवे होते. "आजी, दात शिवशिवतो हो," एवढे एक वाक्य पुरे होते. परंतु ते वाक्य माझ्या तोंडून निघाले नाही. मी हसलो आणि मान खाली घातली. मी नम्रतेने मान खाली घातली, असेच त्यांना वाटले असणार. पुढच्या आठवड्यात आणखी दोघीतिघींनी मला याच नजरेने पाहिलेले मी ओळखले. न मिळवलेली कीर्ती फार गोड लागते आणि गोडाने दात किडतात, हे मी प्रवचनातून इतरांना अनेकदा सांगितले आहे.

दात दुखत असूनही मी डॉक्टरकडे का गेलो नाही, याची दोन कारणे माझ्यापाशी तयार होती. पहिले कारण सेमिनरीतले. लहानसहान दुःखांची वाच्यता करू नये, ती मुकाट्याने प्रभूला अर्पण करावीत, असे आमच्यावर संस्कार झाले होते. दुसरे कारण घरातले. आमच्या घराण्याचे दातच कच्चे. वडिलांचे दात पन्नाशीत हलू लागले, आईने साठीच्या आत कवळी बसवली. तेव्हा मुलाच्या नशिबी दुसरे काय असणार?

हे दुसरे कारण देताना मला संकोच वाटायला हवा होता. कारण नेमक्या याच सबबीविषयी मी विद्यार्थीदशेत निबंध लिहिला होता. वडिलांच्या पिढीने आंबट द्राक्षे चाखली आणि त्यापायी लेकरांचे दात आंबले, अशा अर्थाची एक म्हण इस्राएल लोकांत प्रचलित होती. बाबिलोनच्या हद्दपारीच्या काळात ती लोकांच्या तोंडी होती. आमच्यावर आलेली आपत्ती ही वाडवडिलांच्या पापांची आहे, आमचा त्यात काय दोष, असा तिचा रोख. यिर्मयाच्या ३१ व्या अध्यायात आणि यहेज्केलच्या १८ व्या अध्यायात या म्हणीचा उल्लेख येतो आणि दोन्ही ठिकाणी ती खोडून काढली जाते. ज्याने द्राक्षे खाल्ली त्याचेच दात आंबतील. प्रत्येकाने आपापल्या वागण्याचा जाब द्यावा, असा संदेष्ट्यांचा निर्वाळा आहे. निबंधाला चांगले गुण मिळाले होते. मला वाटले होते की त्यातील दात हे केवळ रूपक आहे.

जानेवारीच्या अखेरीस एका लग्नाच्या मेजवानीत माझे गुपित फुटले. माझ्या टेबलावर शेजारच्या धर्मग्रामातली एक दंतवैद्य बसली होती. लहानपणी तिने प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी माझ्याकडे केली होती. मी आईस्क्रीम बाजूला सारले, पाण्याच्या ग्लासातला बर्फ चमच्याने काढून टाकला आणि ती हे सारे पाहत राहिली.

"फादर, दात शिवशिवतात ना? केव्हापासून?"

"तसे फार नाही गं."

"उद्या दवाखान्यात या. आणि येताना तुमचा ब्रश घेऊन या."

दुसऱ्या दिवशी मी रुमालात ब्रश गुंडाळून तिच्या खुर्चीवर जाऊन बसलो. तिने लगेच उपचाराला हात घातला नाही. आधी प्रत्येक दात नीट पाहिला, हलके ठोकून पाहिला, एकेका दाताखाली पट्टी ठेवून चावायला लावले, एक्स-रे काढला. मग एकेका दातावर वाऱ्याचा बारीक झोत सोडला. डावीकडचा सुळा आणि त्याच्या मागचे दोन दात यांच्यावर झोत येताच मी खुर्चीत उडालो.

"कीड नाही, तडा नाही, आत पू नाही," ती म्हणाली. "आधी हे पाहावेच लागते. शिवशिवणे हे नाव बाकी सगळी कारणे बाद झाल्यावरच द्यायचे असते."

नंतर तिने जे समजावून सांगितले ते मी माझ्या शब्दांत देतो, कारण आपल्या घराघरांत ते कळायला हवे. दाताच्या दिसणाऱ्या भागावर एनॅमलचे कवच असते. आपल्या शरीरात याहून कठीण पदार्थ दुसरा नाही. हिरडीखाली दाताचे मूळ असते. त्याच्यावर मात्र हे कवच नसते, अगदी पातळ असा दुसरा थर असतो. हिरडी हेच मुळाचे खरे पांघरूण. कवच आणि हा थर या दोहोंच्या आत डेंटिन नावाचा थर आहे. तो घन दिसत असला तरी त्यात सूक्ष्म नळ्यांचे जाळे असते. एका चौरस मिलिमीटरमध्ये अशा हजारो नळ्या. त्यांत द्रव भरलेला असतो आणि त्यांचे आतले टोक दाताच्या गाभ्याकडे, म्हणजे जिथे नस असते तिकडे जाते. हिरडी खाली सरकली किंवा कवच झिजले की या नळ्यांची बाहेरची तोंडे उघडी पडतात. मग थंड, आंबट किंवा गोड पदार्थ लागला, नुसता वारा लागला तरी नळ्यांतला द्रव हलतो, तो हलला की आतली नस चाळवते आणि कळ उठते. मार्टिन ब्रानस्ट्रॉम या स्वीडिश संशोधकाने १९६० च्या दशकात प्रयोगांच्या आधारे ही उपपत्ती मांडली आणि आजही तीच सर्वमान्य आहे.

"पण या नळ्या उघड्या पडल्या कशाने?" मी विचारले. "आमच्या घराण्याचे दात..."

तिने माझा ब्रश रुमालातून काढला. त्याचे केस चारी बाजूंना पसरले होते. शेणाने अंगण सारवून झाल्यावर केरसुणीची जी गत होते, तशी त्याची झाली होती.

"किती दिवसांचा?"

"दोन महिने झाले असतील."

"दिवसातून किती वेळा घासता?"

"तीनदा. आडवे आणि चांगले दाबून." हे मी काहीशा अभिमानाने सांगितले. सेमिनरीत पहाटेची घंटा झाली की आम्ही रांगेने नळावर उभे राहत असू आणि जो जोराने घासेल त्याचे दात स्वच्छ, अशी आमची समजूत होती. ती सवय अजून सुटली नव्हती.

"आणि सकाळी उठल्यावर काय घेता?"

"कोमट पाण्यात लिंबू आणि मध. तब्येतीला चांगले म्हणतात. ते घेऊन लगेच दात घासतो, म्हणजे मिस्साला तोंड स्वच्छ."

ती हसली. "फादर, लिंबाच्या आम्लाने कवचाचा वरचा पापुद्रा काही काळ मऊ होतो. लाळेतले क्षार त्याला पुन्हा बळकटी देतात, पण त्यासाठी वेळ द्यावा लागतो. तुम्ही तो वेळ न देता त्यावर केरसुणी फिरवता. पितळेच्या भांड्याला चिंच लावून घासतात ना, अगदी तसे."

मी पुन्हा घराण्याकडे वळलो. तेव्हा तिने विचारलेला प्रश्न मी आजवर विसरलेलो नाही. "तुमचे डावीकडचे दात झिजले आहेत, उजवीकडचे ठीक आहेत. तुम्ही उजव्या हाताने घासता, त्यामुळे डावीकडे जोर जास्त पडतो. दोष घराण्याचा असता तर उजवीकडचे दात काय दुसऱ्या घराण्यातून आले?"

यहेज्केल संदेष्टा त्या दवाखान्यात येऊन बसला असता तर याहून वेगळे काही बोलला नसता. माझी द्राक्षे मीच खाल्ली होती, किंबहुना माझे लिंबू मीच प्यालो होतो. काही जणांची हिरडी जन्मतःच पातळ असते, हिरडीच्या आजाराचा कल काही घराण्यांत असतो, हे तिने मान्य केले. परंतु माझ्या बाबतीत दोषाचा मोठा वाटा माझ्याच उजव्या हाताचा होता, आणि तोही स्वच्छतेच्या अतिरेकापायी.

उपचार साधा निघाला, पण त्यात घाईला जागा नव्हती. मऊ केसांचा ब्रश. तो मुठीत आवळायचा नाही, पेन धरतो तसा बोटांत धरायचा. केस हिरडीच्या कडेशी तिरपे टेकवून लहान लहान गोल फिरवायचे. दिवसातून दोनदा, दोन दोन मिनिटे. त्यातली एक वेळ रात्री झोपण्यापूर्वीची. शिवशिवणाऱ्या दातांसाठी मिळणारी फ्लोराइडयुक्त पेस्ट वापरायची, पण घासून झाल्यावर फक्त थुंकायचे, खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे औषध दातावर राहते. रात्री त्याच पेस्टचा किंचित लेप बोटाने दुखऱ्या जागी लावायचा. आंबट खाल्ले-प्यायले तर लगेच साध्या पाण्याने चूळ भरायची आणि ब्रशला निदान अर्धा तास हात लावायचा नाही. लिंबूपाणी घ्यायचेच तर जेवणाबरोबर घ्यायचे. रिकाम्या तोंडी घुटके घेत बसायचे नाही. बाटलीबंद शीतपेये आणि सोडा यांनाही हाच नियम.

या पेस्टचे दोन प्रकार असतात, असे तिने सांगितले. एका प्रकारातली द्रव्ये उघड्या नळ्यांची तोंडे बुजवतात. स्टॅनस फ्लोराइड त्यांपैकी एक. दुसऱ्या प्रकारात पोटॅशियम नायट्रेट असते, बहुधा पाच टक्के. ते आतल्या नसेला शांत करते. पोटॅशियम नायट्रेट म्हणजे आपला सोरा. पूर्वी तोफांची दारू ज्या सोऱ्यापासून बनत असे, त्याच सोऱ्याचा चिमूटभर अंश दुखरी नस निजवतो, हे ऐकून मला वसईच्या किल्ल्याची आठवण झाली. दोन्ही पेस्टना गुण यायला साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात, कधी अधिकही. दोन दिवस लावून "काही उपयोग नाही" म्हणणाऱ्यांना खरोखरच उपयोग होत नाही. चार आठवड्यांत उतार पडला नाही तर पुन्हा यायचे. मग दवाखान्यात फ्लोराइडचा वार्निशसारखा लेप देता येतो, झिजलेली खाच भरता येते, फार उघडे पडलेले मूळ हिरडीचे कलम करून झाकता येते. मात्र झिजलेले एनॅमल पुन्हा उगवत नाही आणि खाली गेलेली हिरडी आपोआप वर चढत नाही. जे उरले ते सांभाळणे, एवढेच आपल्या हाती असते.

सहा आठवडे मी हे पथ्य पाळले. चर्चमध्येही द्राक्षारसाची लहान बाटली आणायला सांगितली आणि ती मिस्साच्या अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवण्याची व्यवस्था केली. तिसऱ्या आठवड्यात कळ बोथट झाली, पाचव्यात जवळजवळ गेली.

त्या दिवसांत ब्रश हलक्या हाताने फिरवताना एक विचार वारंवार मनात येई. पापनिवेदनाला येणाऱ्यांत काही जण असे असतात की क्षमा मिळालेली पापे ते पुन्हा पुन्हा घासत राहतात. आत्मा स्वच्छ करण्याच्या नादात त्यांचे पांघरूणच झिजते आणि मग साध्या शब्दानेही त्यांना कळ येते. अशांना मी अनेकदा अधिक जोराने घासायला सांगितले आहे. सेमिनरीच्या नळावर शिकलेला तो धडा मी केवळ दातांपुरता ठेवला नव्हता, याची जाणीव मला उशिरा झाली.

पण या लेखाचे खरे कारण पुढेच आहे.

प्रायश्चित्तकाळ सुरू झाला आणि दुसऱ्या बाकावरची जागा रिकामी दिसू लागली. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजारी माणसांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी मी घरोघरी निघालो, तेव्हा आजींच्या घरीही गेलो. त्या खाटेवर बसल्या होत्या. डावा गाल सुजलेला, चेहरा उतरलेला. सून म्हणाली, "फादर, तीन आठवडे झाले, फक्त पेज घेतात. रात्रभर झोप नाही. दवाखान्यात चला म्हटले तर ऐकत नाहीत."

मी आजींकडे पाहिले. सून आत गेल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "फादर, तुम्ही रोज डोळ्यांतून पाणी काढता आणि कुणाला काही सांगत नाही. मी म्हटले, आपणही थोडे सोसावे. प्रायश्चित्तकाळ आहे. प्रभूला अर्पण करते."

माझ्या हातात ख्रिस्तप्रसादाची डबी होती. ती टेबलावर ठेवून मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसलो.

"आजी, माझे ते पाणी भक्तीचे नव्हते. दात शिवशिवत होता. थंड द्राक्षारस लागला की कळ यायची. तुम्ही विचारलेत तेव्हा मी सांगायला हवे होते. सांगितले नाही, कारण तुमचे बोलणे मला गोड वाटले. आणि मी डॉक्टरकडे जाऊन आलो आहे. आता दुखत नाही."

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. माझ्याविषयीचा त्यांचा आदर तिथेच संपला असावा, असे मला वाटले आणि तो संपणे न्याय्यच होते. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही जाऊन आलात, आणि मी इथे बसून राहिले."

या वाक्यात राग नव्हता. राग असता तर ते सोसणे मला सोपे गेले असते.

त्याच संध्याकाळी आम्ही त्यांना त्या मुलीच्या दवाखान्यात नेले. आजींचे दुखणे माझ्यासारखे नव्हते. थंड लागल्यावर येऊन जाणारी कळ ती नव्हती. आपोआप उठणारा, तासन्‌तास टिकणारा, रात्री आडवे झाल्यावर वाढणारा ठणका होता, चावताना एकाच दातात दुखत होते आणि वर सूज. दाढ मुळापर्यंत किडून तिच्या खाली पू झाला होता. औषधे देऊन, सूज उतरवून ती काढावी लागली. दुसरी गोष्ट अधिक काळजीची निघाली. गालाच्या आत, हिरडीलगत एक पांढरा चट्टा होता. आजी गेली पन्नास वर्षे मशेरी लावत होत्या आणि ही गोष्ट त्यांनी सर्वांपासून लपवली होती. दात दुखू लागल्यावर मशेरीने जागा बधिर होते म्हणून त्यांनी ती दिवसातून चारचार वेळा लावायला सुरुवात केली होती. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. भारतात टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यावर १९९२ साली बंदी आली. पण तव्यावर भाजून डबीत ठेवलेल्या मशेरीला कोण अडवणार? चट्ट्याचा लहानसा तुकडा तपासणीला पाठवला गेला. अहवाल येईपर्यंतचे ते दिवस मी कसे काढले, ते मला आणि प्रभूला ठाऊक. कर्करोग निघाला नाही. मशेरी कायमची सोडायची आणि ठरल्या वेळी तपासणीला यायचे, एवढ्यावर निभावले.

अहवाल वेगळा आला असता तर? माझ्या एका वाक्याच्या मौनाने दोन महिने गेले होते. कुणी म्हणेल, त्यांचा निर्णय त्यांचा होता, तुम्ही काही त्यांना अडवले नव्हते. हे खरे आहे आणि पुरेसे नाही. संदेष्ट्याने सांगितले की प्रत्येकाचे दात स्वतःच्या द्राक्षांनी आंबतात. पण धर्मगुरूच्या हातून एखादी आंबट फोड दुसऱ्याच्या तोंडात जाते, तेव्हा जाब त्यालाच द्यावा लागतो.

दुःख प्रभूला अर्पण करण्याची आपली परंपरा खोटी नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थाविषयी 'साल्व्हिफिची दोलोरिस' हे प्रेषितीय पत्र लिहिले. आपले दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडता येते, हे त्यात त्यांनी विस्ताराने मांडले आहे. परंतु त्या पत्राचा शेवट ते दयाळू शमरोनीच्या दाखल्याकडे नेतात. वाटेवर जखमी पडलेल्याला पाहून थांबणे, जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतणे, त्याला उतारशाळेत पोहोचवणे, हीदेखील दुःखाला द्यायची ख्रिस्ती प्रतिक्रिया आहे. बेन सिराच्या ग्रंथातला ३८ वा अध्याय तर वैद्याचा मान राखावा आणि देवाने भूमीतून निर्माण केलेल्या औषधांचा शहाण्या माणसाने तिरस्कार करू नये, असे स्पष्ट बजावतो. ज्या दुःखाला उपाय नाही ते अर्पण करावे. ज्याला उपाय आहे त्यावर उपाय करावा आणि त्यासाठी लागणारा खर्च, संकोच आणि पथ्य अर्पण करावे. आळसाला आणि भीतीला अर्पणाचे नाव देऊ नये.

दातांच्या रुग्णांची आश्रयदाती संत अपोलोनिया हिचा सण ९ फेब्रुवारीला येतो. सुमारे २४९ साली अलेक्झांड्रियातल्या दंगलीत या वृद्ध कुमारिकेच्या जबड्यावर प्रहार करून तिचे दात पाडण्यात आले. श्रद्धा नाकारली नाहीस तर जिवंत जाळू, अशी धमकी तिला देण्यात आली आणि तिने अग्नी स्वीकारला. तेथील बिशप डायोनिसियस यांनी पत्रात लिहिलेली ही हकीकत इतिहासकार युसेबियस यांनी जतन केली. तिने दात गमावले ते सत्य नाकारायचे नाही म्हणून. मी माझे दुखणे लपवले ते एक सत्य बोलायचे नाही म्हणून. चित्रांत तिच्या हातातल्या चिमट्यात दात दिसतो. ते चित्र पाहिले की हल्ली मी नजर खाली घालतो, आणि या खेपेला ती नम्रतेपोटी नव्हे.

तेव्हा धर्मग्रामातील कुटुंबांना माझी विनंती आहे. थंड-आंबट लागताच येणारी आणि लगेच जाणारी कळ असेल तर ब्रश, हात आणि आहार तपासा. कोळसा, विटेची पूड, जाडेभरडे मंजन दूर ठेवा. छातीत जळजळ होऊन आंबट पाणी घशाशी येत असेल किंवा झोपेत दात खाण्याची सवय असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. लवंगेचे तेल घटकाभर बधिरता आणते, पण मूळ कारण दूर करत नाही. ठणका टिकून राहत असेल, रात्री उठवत असेल, चावताना एकच दात दुखत असेल, सूज किंवा चट्टा असेल, तर पेस्ट लावत बसू नका. घरातल्या वृद्धांनी एकाच बाजूने चावणे किंवा पेजेवर राहणे सुरू केले तर त्यांना विचारा. त्या आपणहून सांगतील अशी वाट पाहू नका.

हे लिहिण्यापूर्वी मी आजींची परवानगी घेतली. "लिहा," त्या म्हणाल्या, "पण माझे नाव नको. आणि मशेरी सोडली हे मात्र नक्की लिहा." म्हणून लिहिले.

गेल्या नाताळात त्या पुन्हा सुकेळीचा पुडा घेऊन आल्या. त्यातले एक सुकेळे त्यांनी माझ्यासमोर उजव्या बाजूने सावकाश चावून खाल्ले. जाताना पायऱ्यांवर थांबून म्हणाल्या, "फादर, आता तुमच्या डोळ्यांत पाणी येत नाही."

"नाही आजी."

"बरे झाले," त्या म्हणाल्या आणि शाल सावरून घराकडे निघाल्या.